हंसग्रीवेखालचा माणूस

"वढू नका. आधी वजन बगा."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या लोखंडी कपाटाचा खण अडकला होता आणि मी भिंतीला पाय लावून तो ओढत होतो. बोलणारे गृहस्थ दारात चपला काढत होते. ते आत आले, मला हातानंच बाजूला केलं, खणाच्या कडीवर नुसता तळवा ठेवला आणि क्षणभर डोळे मिटले. मग खण बाहेर ओढायच्या ऐवजी आत ढकलला, थोडा हलवला आणि सोडला. खण बाहेर आला. आत मोडक्या छत्रीची काडी आडवी पडली होती.

"अडकलं की मानूस वढतो," ते म्हणाले. "वढलं की जास्त अडकतं. तुमी ते कोशवाले मास्तर न्हवं?"

मी आयुष्यात एक दिवसही मास्तर नव्हतो. वेल्ह्याच्या कचेरीत कारकून होतो आणि तिथूनच निवृत्त होऊन भोरला राहायला आलो होतो. पण नाकावर चष्मा आणि घरात पुस्तकं असली की माणसाला मास्तर म्हणायची आपल्याकडे रीत आहे. त्यांनाही त्यांच्या गावात, भोंगवलीत, सगळे फोरमन म्हणत. तेही कधी फोरमन नव्हते. आम्ही दोघांनी एकमेकांच्या खोट्या पदव्या शेवटपर्यंत चालू ठेवल्या.

निवृत्त होताना माझ्याजवळ एकच विद्या होती. साध्या गोष्टीला जड शब्द लावणे. तीस वर्षं 'सबब', 'उपरोक्त' आणि 'मजकुरी' लिहिल्यावर ती अंगात भिनते. पुण्यातल्या एका संस्थेला तेलविहिरी खोदणाऱ्या कामगारांसाठी मराठी शब्दांचा कोश करायचा होता. त्यांना कुणीतरी माझं नाव सुचवलं. ज्या भागात काळा पाषाण फोडून पाणी लागायची मारामार, तिथल्या माणसाकडं तेलाचं काम यावं, यात संस्थेला काही वावगं वाटलं नाही. तोरण्याच्या पोटात तेल असतं तर आमची कचेरी कधीच तिथून हलवली असती, एवढंच मला त्या विषयातलं ठाऊक होतं.

म्हणून फोरमनना निरोप धाडला होता. त्यांची सगळी नोकरी समुद्रातल्या तेलविहिरींवर झाली होती. पंधरवडाभर तिकडं, पंधरवडाभर घरी. त्यांचं काम ज्या यंत्रावर, त्याला इंग्रजीत कॉइल्ड ट्युबिंग म्हणतात. एरवी विहिरीत पाइप सोडायचे म्हणजे एकाला एक जोडत जावं लागतं. इथं मात्र एकच सलग लांबलचक पोलादी पाइप भल्यामोठ्या चाकावर गुंडाळलेला असतो. तो उलगडत विहिरीत सोडायचा, साचलेली वाळू धुवून काढायची आणि पुन्हा गुंडाळायचा. फोरमन केबिनमध्ये बसून वजनाच्या काट्याकडं बघत. वर ओढताना काटा उगाच चढला, तर खाली कशानं तरी पाइप धरलाय. थांबायचं.

"दुसरं काय करायचात?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"काटा बगायचो."

"आणि काटा चढला नाही तर?"

"मंग जास्त बगायचो."

आता तुम्हाला वाटेल की एका बाजूला माझ्यासारखा जडजंबाल शब्दांचा कारकून आणि दुसऱ्या बाजूला साधी बोली बोलणारा कामगार, तेव्हा त्यांनी मला सोपे शब्द शिकवले असणार. मलाही तसंच वाटलं होतं. झालं उलटं. कचेरीचं प्रायश्चित्त म्हणून मी ठरवलं होतं की कोश सोपा करायचा. चाकावरून आलेला पाइप विहिरीत शिरण्याआधी एका उंच कमानीवरून वळतो. इंग्रजीत तिला गूजनेक म्हणतात. मी लिहिलं, 'बाक'. संस्थेच्या समन्वयक बाईंनी तांबड्या शाईत कळवलं, 'हंसग्रीवा'. मी चिडून तो कागद फोरमनना वाचून दाखवला. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"काय म्हनाला? परत म्हना."

"हंसग्रीवा."

"हंसग्रीवा!" ते खुर्चीत सरळ बसले. "उभी हयात तिच्याखाली काढली, मास्तर. आमाला काय म्हाईत ती हंसग्रीवा हाय!"

"कामगारांना कळायला नको का पण?"

"कळंल हळूहळू. तुमचा तो बाक नको. बाकावर यष्टीची वाट बगतात."

त्यानंतर आमच्या प्रत्येक बैठकीत मी शब्द हलका करायचा आणि त्यांनी तो जड करायचा, असंच चाललं. 'कुंडलित नलिका' तर त्यांनी एवढ्या प्रेमानं पाठ केली की भोरच्या बाजारात भेटलेल्या ओळखीच्या माणसाला ते आपण होऊन सांगत, "मी कुंडलित नलिकेवर होतो." समोरचा माणूस दवाखान्यातलं काही असेल असं समजून प्रकृतीची चौकशी करायचा.

या हौसेचं कारण मला उशिरा कळलं. गावात त्यांच्या नोकरीची ओळख 'ह्यो समुद्रात बोअर मारतो' एवढीच होती. घरात तर तेवढीही नव्हती. ते तिकडं असताना इकडं पेरण्या झाल्या, सोयरिकी झाल्या, मुलीचं लग्न ठरलं. सगळं त्यांच्या पत्नीनं, शालनताईंनी निभावलं. अंजिराची बाग लावली तीही त्यांनीच, आणि बागेसाठी बोअर मारलं तेही नवऱ्याला न विचारता. पाणी लागल्यावर फोन केला. समुद्रातून फोरमननी पहिला प्रश्न विचारला, "किती खोल?"

"खोल तुमी बगा," शालनताई म्हणाल्या. "पानी मी बगते."

हा किस्सा ते स्वतःच सांगत आणि शेवटचं वाक्य दर वेळी दोनदा म्हणत. एकदा 'फटीग' या शब्दाशी आलो. मी 'थकवा' म्हटलं, बाईंनी 'श्रांती' कळवलं. फोरमन म्हणाले, "कायबी लिवा. पन एक ध्यानात घ्या. ती नळी खाली वजन घिऊन दमत न्हाई. चाकावरनं कमानीवर, कमानीवरनं चाकावर, अशी वाकून वाकून दमती. वरनं बगितलं तर नवी कोरी. आन एक दिवस मोडती." मग त्यांनी बशीतला चहा संपवला. त्या दिवशी आम्ही पुढचे शब्द घेतले नाहीत.

एका उन्हाळ्यात आम्ही भोरला माझ्या घरी 'फ' या अक्षरावर होतो. विहिरीत काही तुटून पडलं की त्याला तिकडं फिश म्हणजे मासा म्हणतात आणि ते काढायच्या कामाला फिशिंग. "हे शब्द तसेच ठेवू," मी म्हणत होतो, तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. भोंगवलीहून पुतण्या बोलत होता. बोअरमधली मोटर बिघडली म्हणून वर काढायला घेतली, ती अर्ध्यात अडकली, म्हणून पाइपला साखळी बांधून ट्रॅक्टर लावला. बोअरमध्ये आपल्याकडं मोटरीला काळा प्लॅस्टिकचा पाइप असतो, वेटोळं करून मिळतो तो. तो ताणला, ताणला आणि तुटला. मोटर पाइपाच्या तुकड्यासकट तळाकडं गेली.

"वजन बगितलं का?" फोरमननी विचारलं.

"कशाचं वजन, तात्या? जरा वढलं फकस्त."

त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून मी भोंगवलीला गेलो. वाटभर ते एकच बोलले. "मास्तर, ज्या कामानं मला घरापासनं लांब ठेवलं, ते एकदा तरी घरच्या कामाला येऊ दे."

बोअरभोवती अर्धी वाडी जमली होती. पुतण्या ट्रॅक्टरच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. शालनताई कमरेला पदर खोचून बोअरच्या वरच्या नळीच्या, म्हणजे केसिंगच्या तोंडाशी बसल्या होत्या, जणू मोटर स्वतःहून वर येईल आणि तेव्हा कुणीतरी हजर पाहिजे.

"झाडं किती दिवस काढतील?" फोरमननी विचारलं.

"टँकरनं काढतील थोडे. पन माजं बोअर मेलं म्हना आता."

"मेलं न्हाई. मासा पडलाय फक्त."

"मासा?" एक म्हातारे पुढं सरकून आत डोकावले.

फोरमननी बायकोकडं कपडे धुवायचा साबण मागितला. त्यांनी तो आणून दिला, पण नजर अशी होती की उन्हात गाडी चालवल्याचा हा परिणाम असावा. फोरमननी तो गरम पाण्यात मऊ केला, एका डब्यात ठासून भरला, डबा उपडा करून लोखंडी वजनासह दोरीनं बोअरमध्ये सोडला, तळाशी अलगद टेकवला आणि वर काढला. साबणावर अर्ध्या चंद्रासारखा ठसा उमटला होता. पाइपाचं तुटकं तोंड. शेजारी मोटरीला बांधलेल्या दोरीची वळी. तिकडं हे काम शिशाच्या ठोकळ्यानं करतात. गावानं तो साबण हातोहात फिरवून पाहिला. बोअरच्या आत काय आहे हे भोंगवलीत पहिल्यांदाच कुणाला दिसलं होतं.

"आता धुनं कशानं करू?" शालनताई म्हणाल्या, पण त्यांनीही तो ठसा दोनदा पाहिला.

मग सारोळ्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. हायवेच्या कडेला एका वेल्डरचं दुकान होतं. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यांपासून फोरमननी त्याच्याकडून एक नळकांडं करून घेतलं, आत स्प्रिंगच्या जिभा. पाइपावर बसलं की आत जाऊ देतं, बाहेर येऊ देत नाही. वेल्डर म्हणाला, "फोरमन, ह्यापेक्षा नवी मोटर स्वस्त पडंल." ते म्हणाले, "नवी मोटर टाकायची कुठं? भोकात जुनी बसलीय."

पहिल्यांदा नळकांडं बसलंच नाही. दुसऱ्यांदा दोरीचा गुंता आला, आणि जमलेल्या लोकांनी तोसुद्धा टाळ्या वाजवून घेतला. लोक आता जेवूनखाऊन बघायला येत. एका तरुण पुढाऱ्यानं येऊन 'प्रशासन आपल्या पाठीशी आहे' असं सांगितलं, बोअरसोबत फोटो काढला आणि तो गेला. झाडांची पानं मुडपू लागली होती. शालनताई रोज सकाळी बाग बघून येत आणि काही बोलत नसत. त्यांचं न बोलणं फोरमनना जास्त लागत असावं, कारण ते रोज नळकांड्यात काहीतरी सुधारणा करत.

आणि एके दिवशी मासा लागला. तीन पायांच्या लोखंडी घोड्याला चेनपुली लावली होती. फोरमननी दोरखंडावर तळवा ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. "धरलं," ते म्हणाले. एवढंच. पुतण्या साखळी ओढू लागला. दोरखंड इंचाइंचानं वर येत होता. दोन-चार म्हाताऱ्यांनी हात जोडले होते. मीसुद्धा नास्तिकपणा जरा बाजूला ठेवला होता.

अर्ध्याच्या वर आल्यावर साखळी जड झाली. पुतण्या थांबला. "तात्या, खाली सोडू का जरा?" तीच त्यांची शिकवण होती. थांबायचं, खाली सोडायचं, पुन्हा बघायचं. पण फोरमनचं लक्ष दोरखंडाकडं नव्हतं. शालनताई पहिल्यांदाच उठून बोअरजवळ आल्या होत्या आणि ते त्यांच्याकडं बघत होते.

"वढ," ते म्हणाले.

"तात्या..."

"वढ म्हनतो न्हवं!" आणि त्यांनी स्वतःच साखळीला हात घातला.

दोन हिसके. मग दोरखंड एकदम हलका झाला. खालून एक आवाज आला, बराच वेळानं, आणि तो ऐकून प्रत्येकाला काय झालं ते कळलं.

फोरमन घोड्याचा एक पाय धरून उभे राहिले. लोक एकेक करून निघाले. अशा वेळी निघून जाण्याचं सौजन्य आपल्या गावांत अजून आहे. शालनताईंनी चहा आणला. फोरमननी घेतला नाही.

"उद्या जिभा बदलतो," ते म्हणाले. "पाटं जाड घिऊ."

"अहो."

"परवापतुर निघंल."

"अहो, सोडा आता."

"निघंल गं. मला येतं हे काम."

"तुमाला येतं, व्हय. कोन न्हाई म्हनतंय?" त्या खाली मातीत बसल्या. "पन बोअर माजं हाय. म्या मारलं. आन म्या म्हनते, सोडा."

मला वाटलं, आता भांडण होणार. पण फोरमननी त्यांच्याकडं नवलानं पाहिलं आणि मग माझ्याकडं वळून, जणू कोशातली नोंदच सांगावी तसं, म्हणाले, "मास्तर, समुद्रातबी असंच असतं. मासा कवा सोडायचा, ते आमी न्हाई ठरवत. ज्याची हीर, तो ठरवतो." आणि त्यांनी चहा उचलला.

नव्या बोअरची जागा शालनताईंनीच ठरवायची होती. त्यांनी वेल्ह्याकडचा पाणाड्या बोलावला. हा गृहस्थ तळहातावर नारळ ठेवून रानभर चालतो आणि पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो, असं सांगतो. आयुष्यभर विहिरींवर काढलेला माणूस त्या नारळामागं बागेतून मुकाट्यानं फिरत होता. नारळ उभा राहिला, तेव्हा मी फोरमनना हळूच विचारलं, "तुम्हाला पटतं हे?"

"मला काय इचारता? हीर तिची."

पाणी लागलं. गावात त्याचं श्रेय नारळाला गेलं.

जुनं बोअर मात्र फोरमननी कुणाला बुजवू दिलं नाही. सोडलेली विहीर नुसती दगडमाती टाकून बुजवायची नसते, असं त्यांचं म्हणणं. पाच-सहा दिवस ते एकटेच खपत होते. खडी, वाळू, मग सिमेंट, मग पुन्हा वाळू, मग पुन्हा सिमेंट, प्रत्येक थर बसू देऊन. केसिंगचं तोंड कापलं आणि त्यावर सारोळ्याच्या वेल्डरकडून जाड पत्रा जोडून घेतला. त्यावर वेल्डिंगच्या कांडीनं उमटलेली अक्षरं होती. 'शालन–१'.

"तिकडं परत्येक हिरीला नाव आन आकडा असतो," त्यांनी मला सांगितलं. "बंद केली तरी नाव ऱ्हातं."

शालनताई पत्र्यासमोर बराच वेळ उभ्या होत्या. "सातबाऱ्यावर तर माजं नाव न्हाई," त्या म्हणाल्या. "हितं आलं."

कोशाचं प्रकाशन पुण्यात झालं. व्यासपीठावर इतक्या शाली होत्या की थंडीची साथ आल्यासारखं वाटत होतं. प्रमुख पाहुण्यांनी मातृभाषेवर तासभर भाषण केलं आणि खाली उतरून इंग्रजीतून ड्रायव्हरला गाडी आणायला सांगितली. फोरमन तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात, शेजारी शालनताई. समन्वयक बाईंनी नमुन्यादाखल 'हंसग्रीवा' वाचला तेव्हा त्यांनी बायकोला कोपरानं ढोसलं.

परतताना सारोळ्याला रसवंतीवर थांबलो. चरकात ऊस जाताना फोरमननी बायकोला बोटानं दाखवलं. "हे बग. आमच्या यंत्रात दोन बाजूंनी साखळ्या नळीला अशा दाबून धरतात आन आत सारतात. हा ऊस जातो तशी. फक्त रस निघत न्हाई."

शालनताईंनी चरक नीट पाहिला. "एवढंच व्हय? मंग कवा सांगितलं का न्हाई?"

"तू इचारलं न्हाईस."

"तुमी असायचा कुठं इचारायला?"

दोघंही हसले. मी रसाकडं बघितलं.

गेल्या श्रावणात फोरमन गेले. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. वरून पाहिलं तर तब्येत चांगली होती.

अंजिरं धरायला लागली तेव्हा मी भोंगवलीला गेलो. नव्या बोअरचं पाणी सरींतून चाललं होतं. शालनताईंनी मला तिकडंच बोलावून घेतलं. केसिंगला टेकवून एक कोरा पत्रा ठेवला होता, सारोळ्याहूनच आणलेला, आणि शेजारी पांढऱ्या रंगाचा डबा, कुंचला.

"मास्तर, ह्याच्यावर नाव घाला."

"शालन–दोन?"

"माजं झालं की पलीकडं. ह्याला त्यांचं घाला."

मी कुंचला हातात घेतला. "काय लिहू? फोरमन?"

"ते गावानं ठिवल्यालं. खरं घाला." त्या पदर नीट करून बांधाकडं तोंड फिरवून उभ्या राहिल्या. "मला घेता येत न्हाई. तुमाला म्हाईत हाय न्हवं?"

माहीत होतं. पण इतक्या वर्षांत ते कधी उच्चारायची वेळ आली नव्हती. मी ते एकेक अक्षर जुळवत लिहिलं. रंग पातळ होता, ओघळत होता.

"झालं?"

"झालं. आकडा कोणता टाकू? दुसरं बोअर आहे."

"बोअर दुसरं आसंल," शालनताई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "त्यांच्या नावाचं पयलंच हाय."

मी एक लिहिला. त्या वळल्या, जवळ आल्या, आणि ओठ न हलवता ते नाव सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत राहिल्या.